उंबरठ्याबाहेरचा हात

भाद्रपद सरत आला की पालघरात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. पूर्वेकडून कोरडा वारा यायला लागतो आणि सोसायट्यांच्या वार्षिक सभांच्या नोटिसा जिन्याखाली चिकटतात. वाऱ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. नोटीस मात्र मी वाचत नाही. तरी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी दरवर्षी सभेच्या आदल्या दिवशी माझ्या दारात उभा राहतो. चांगला मुलगा आहे, बोईसरला कारखान्यात असतो. "काका, तुम्हाला सभाशास्त्र येतं. तुम्ही पुढं बसा," म्हणतो. त्याला हे कुणी सांगितलं कोण जाणे. पण खोटं नाही ते. एके काळी मला त्याच्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

परवाच्या सभेत गच्चीवरच्या टाकीला कुठला रंग द्यायचा यावर मतदान झालं. खोली लहान, त्यामुळे चारपाच जण जिन्यात उभे होते. तळमजल्यावरच्या एक बाई गुडघे धरून पायरीवरच बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच हात वर केला. "त्या बाहेर आहेत, त्यांचं मत धरायचं का?" असं कुणीतरी विचारलं आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी "मोजा!" म्हणून असा काही ओरडलो की सेक्रेटरी पाण्याचा पेला घेऊन धावला. घरी आल्यावर सून म्हणाली, "बाबा, टाकीच्या रंगावरून कुणी एवढं चिडतं का?" तिला गोविंदची गोष्ट सांगायची तर सुरुवात कुठून करणार? आणि शेवट तर मी आजवर कुणालाच सांगितलेला नाही.

एकोणीसशे साठच्या दशकातली मधली वर्षं होती ती. मी साताऱ्याकडचा, कोरड्या मुलखातला. प्राथमिक शाळेचा मास्तर म्हणून समुद्रकाठच्या एका गावात येऊन पडलो होतो. घिवलीपासून फार लांब नाही ते गाव. नाव लिहीत नाही, कारण तिथे अजून माणसं राहतात आणि त्यांतली काही मला ओळखतात. एस.टी.तून उतरलो तो पहिला श्वास घेतला आणि रस्त्याच्या कडेला भडाभडा ओकलो. ओले बोंबील वाळत होते. समोरून टोपली घेऊन येणारी एक बाई थांबली, तिनं मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "मास्तर, तुमच्या गावाला वास नाय काय कशाचाच?" ती जानकी. गावात माझ्याशी पहिल्यांदा बोललेलं माणूस.

त्या वासाची मला पुढे अशी सवय झाली की दिवाळीत साताऱ्याला गेलो की हवेत काहीतरी कमी आहे असं वाटायचं. आश्विनातले ते दिवस अजून डोळ्यांपुढे आहेत. भात पिवळं पडू लागलेलं, ओहोटीला चिखल चमकतो आहे, आणि किनाऱ्यालगतच्या उंचवट्यावर वलांड्या उभ्या राहताहेत. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात, त्यांवर बोंबील वाळतात. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. बायकांचे हात इतके भराभर चालायचे की बघता बघता दोरी भरून जायची. उन्हापेक्षा वाऱ्याचं काम जास्त. वारा नसेल तर माल दोन दिवसांत कुजतो. आणि तो उंचवटा असा होता की गावात पान हलत नसलं तरी तिथे पदर धरून चालावं लागायचं.

जागा मच्छीमारांच्या सोसायटीची होती. पाचसहा बायका तिथे वलांड्या बांधत. बाकीच्यांना घरापुढे अंगण तरी होतं. जानकीचं घर गल्लीच्या तोंडाशी, पुढे भिंत, मागे भिंत. नवरा समुद्रात गेलेला, होडी त्याच्याबरोबरच गेलेली. गोविंद नावाच्या शेजाऱ्याच्या होडीवरून ती ओला माल घ्यायची, उंचवट्यावर वाळवायची आणि डोक्यावरून बाजाराला न्यायची. त्यावर तिचं आणि तिच्या दोन पोरींचं चालत होतं. ती जागा गेली असती तर तिच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. हे मला माहीत होतं. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला पळवाट राहणार नाही.

मला लिहिता येतं म्हणून मी त्या सोसायटीच्या समितीचा चिटणीस झालो. मत नाही, नुसतं इतिवृत्त लिहायचं. समिती नऊ जणांची. माझ्याआधी सभा कशी चालायची ते मी एकदाच पाहिलं आणि मला हसू आवरेना. सगळे एकदम बोलायचे, मग भांडायचे, मग तंबाखू मळायचे, मग पुन्हा बोलायचे. बोलून बोलून सगळे दमले की कुणीतरी म्हातारा म्हणायचा, "मंग असा करू," आणि तसं व्हायचं. हात कुणी वर करत नसे. मोजणं तर त्यांना आडमुठेपणाच वाटायचा.

मी सुट्टीत मुंबईला जाऊन फुटपाथवरून सभाशास्त्रावरचं एक इंग्रजी पुस्तक घेऊन आलो. जुनं होतं, पुठ्ठा निघालेला. ते मी रात्रंदिवस वाचलं. ठराव, अनुमोदन, उपसूचना, हरकतीचा मुद्दा. अध्यक्षांनी दिलेला निर्णय पटला नाही तर सभेकडे अपील करायचं, मग अध्यक्षांचा निर्णय कायम ठेवावा का, यावर मतं घ्यायची. दोन्ही बाजूंना सारखी मतं पडली तर निर्णय कायम. का, तर निर्णय मोडायला बहुमत लागतं आणि समसमान म्हणजे बहुमत नव्हे. या वाक्याच्या मी प्रेमात पडलो होतो. लग्न झालेलं नव्हतं, दुसरं काही प्रेमात पडण्यासारखं आसपास दिसतही नव्हतं.

गावानं ते सगळं मोठ्या कौतुकानं घेतलं. अपील हा शब्द तर त्यांना इतका आवडला की घराघरांत गेला. सासूनं सुनेला पाण्याला पाठवलं की सून म्हणायची, "माजा अपील हाय." विठूबाबा नावाचा समितीतला म्हातारा चहात साखर कमी पडली तरी अपील करायचा. मी वर्गात पोरांना पाढे शिकवत असताना बाहेरून असा शब्द कानावर आला की मला कोण आनंद व्हायचा. मी या लोकांना शहाणं केलं असं मला वाटत होतं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तिकडे तारापूरच्या बाजूला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं. बोईसर स्टेशनावर कधी न पाहिलेली यंत्रं उतरत होती, रस्त्यानं ट्रकांची रीघ होती, चहाच्या टपरीवर हिंदी ऐकू येत होतं. कामगारांसाठी आसपास घरं उठत होती. तसल्याच एका घरबांधणीचं काम घेतलेला एक ठेकेदार आमच्या गावात आला. खडी-रेती टाकायला आणि ट्रक वळवायला त्याला किनाऱ्यालगतचा उंचवटा हवा होता. बदल्यात गावातल्या सहा पोरांना कामावर घेतो म्हणाला. सोसायटीचे अध्यक्ष काशिनाथ तांडेल. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर किती बरं झालं असतं, सगळं त्याच्यावर ढकलून मी सुखानं म्हातारा झालो असतो. सहा पोरं रिकामी बसलेली त्याला दिसत होती, त्यांत त्याचा पुतण्याही होता. वलांड्या खाडीच्या बाजूला न्याव्यात, असं त्याचं म्हणणं. खाडीची बाजू सखल होती, वारा तिथे पोचत नसे आणि उधाणाला पाणी थेट आत यायचं. पण तिथे जागा होती, आणि कागदावर जागा म्हणजे जागाच.

सभा ठरली आणि तिच्या चार दिवस आधी गोविंदचा चुलता वारला. गोविंद समितीत होता. गावची रीत अशी की सुतकातल्या माणसानं दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही आणि देव असेल तिथे तर नाहीच नाही. सोसायटीच्या खोलीत कोनाड्यात देवीची तसबीर होती, सभेआधी तिच्यापुढे दिवा लागायचा. त्यामुळे सुतकातला सभासद ओट्यावर, दाराच्या बाहेर बसायचा. तिथून बोलायचा. आत जे आहेत ते मान वळवून ऐकायचे. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं. त्याला बाहेर ठेवायचे आणि त्याचं म्हणणं आत घ्यायचे, यात कुणाला काही विचित्र वाटत नव्हतं.

त्या सकाळी मी हजेरी घ्यायला लागलो तर गोविंद ओट्यावर येऊन बसलेला, अंगावर पंचा, दाढी वाढलेली. सुतकात त्यानं वहीला हात लावायचा नाही म्हणून त्याचं नाव मीच लिहिलं. उपस्थित, क्रमांक आठ. शाई वाळायला मी फुंकरही मारली. एक सभासद मुंबईला गेला होता, तो सोडून सगळे आले होते. जानकी सभासद नव्हती, तिच्या नवऱ्याचं नाव त्याच्याबरोबर गेलं होतं. ती पलीकडे नारळाच्या बुंध्याशी पोरीला कडेवर घेऊन उभी होती. तिथून तिला फक्त ओटा दिसत असणार.

ठराव वाचला. ठेकेदाराला जागा द्यावी. बाजूनं तीन हात. विरोधात आत तीन, आणि बाहेरून गोविंदचा हात वर आलेला. तीन विरुद्ध चार. ठराव पडला होता. मी पेन टेकवलंसुद्धा होतं.

"थांबा," बाजूनं हात वर केलेल्यांतला एक म्हणाला. "गोविंद खोलीत कुठं हाय? भायेर बसलेल्याचा हात कसा मोजायचा?"

ओट्यावरून गोविंद म्हणाला, "अरे, सुतक हाय मना. मी हितंच तर हाय."

अध्यक्ष गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, पुस्तक काय सांगते?"

पुस्तक काहीच सांगत नव्हतं. ज्यानं ते लिहिलं त्याच्या देशात सुतक नसावं. मी तेव्हा वही उचलून एवढंच म्हणायला हवं होतं, की हजेरीत त्याचं नाव आहे, मी स्वतः लिहिलंय, तो उपस्थित आहे. एका श्वासाचं काम. मी म्हणालो, "मतदान उपस्थित सभासदांचं. उपस्थित कोण हे अध्यक्षांनी ठरवायचं."

वाक्य बिनचूक होतं. मी आयुष्यात बोललेलं बहुधा सगळ्यांत बिनचूक वाक्य.

अध्यक्षांनी जरा वेळ हनुवटी खाजवली. मग निर्णय दिला. उंबरठ्याच्या आत तो उपस्थित, बाहेर तो नाही. विठूबाबा ताडकन उठला. "माजा अपील हाय!" आणि तो माझ्याकडे पाहून हसला. त्याला वाटलं, मास्तरांनी दिलेलं हत्यार आता उपयोगी पडणार. सगळी खोली माझ्याकडे बघत होती आणि मी, देवाशपथ सांगतो, सुखात होतो. पुस्तकातलं ते प्रकरण माझ्या डोळ्यांपुढे घडत होतं. अध्यक्षांचा निर्णय कायम ठेवावा का? बाजूनं तीन. विरुद्ध तीन. गोविंदचा हात पुन्हा वर होता. पण वाद त्याच्याच हाताचा, अपिलाचा निकाल लागेपर्यंत तो हात धरता येणार नाही, हेही मीच सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. समसमान, म्हणून निर्णय कायम. मग मूळ ठराव, तीन-तीन, अध्यक्षांचं निर्णायक मत, ठराव मंजूर. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. असली सभा त्या गावात कधी झाली नव्हती.

विठूबाबा खाली बसला. त्यानं मला विचारलं, "म्हंजे अपील केला तरी तोच?" मी त्याला बहुमत आणि समसमान यांतला फरक समजावून सांगायला लागलो. त्यानं मधेच हात हलवून मला गप्प केलं. त्यानंतर त्या गावात चेष्टेत कुणी अपील म्हटलेलं मी ऐकलं नाही.

संध्याकाळी वही लिहिताना क्रमांक आठ समोर आला. उपस्थितांत गोविंद असेल तर मतदान चुकलं, आणि मतदान बरोबर असेल तर गोविंद उपस्थित नव्हता. मी त्याच्या नावावर रेघ मारली. पहिली रेघ वाकडी आली म्हणून पट्टी घेऊन दुसरी मारली.

लोक विचारतात, म्हणजे मीच मला विचारतो, की असं का केलं. अध्यक्षांची भीती? नव्हती. लालूच? मला कुणी काही देऊ केलं नव्हतं. काही तरी चांगलंसं वाईट कारण सापडावं म्हणून मी फार वर्षं शोधाशोध केली. मला नियम चालताना बघायचा होता, एवढंच. यंत्र आणलं होतं, ते फिरतं का ते बघायचं होतं. ते फिरलं, आणि मध्ये एका बाईचं घर होतं.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत जानकी शाळेच्या दारात आली. पोरं बाहेर खेळत होती. पायरीवरून ती वर येईना, मी 'ये' म्हणालो तेव्हा आली. मला वाटलं, आता शिव्या घालणार. घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"मास्तर," ती म्हणाली, "त्या पुस्तकात तसा लिवलेला हाय काय? भायेर बसला तर हात मोजायचा नाय, असा?"

मी फळा पुसायला घेतला.

"मना वाचून दाखवा. मना अक्षर येत नाय. पन एकदा ऐकते."

पुस्तक टेबलावरच होतं. मी ते उघडलं. समोर गणपूर्तीचं पान आलं. पानावर बोट ठेवून, इंग्रजीचं मराठी करतो आहे असं दाखवत मी वाचलं, "जो सभासद सभेच्या जागेच्या उंबरठ्याबाहेर बसला असेल, त्याचं मत धरू नये." सगळं माझं. त्या पानावर यातला एक शब्द नव्हता.

"परत वाचा," ती म्हणाली.

मी परत वाचलं. दुसऱ्यांदा वाक्य जरा वेगळं आलं, 'बसला' ऐवजी 'थांबला' आलं. तिच्या ते लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल. ती पुस्तकाकडे बघत राहिली. मग तिनं वाकून त्या उघड्या पानाला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

"मंग बराबर हाय," ती म्हणाली. "पुस्तकात हाय तर तुमी तरी काय करनार." पदरानं तोंड पुसत ती हळूच म्हणाली, "गोविंदभाव आत येत व्हता, मास्तर. उंबरठ्यावर पाय ठेवला व्हता त्यानं. बोलला, आज जानकीचा काम हाय, देवी समजून घेल. मीच त्याला थांबवला. बोलले, माज्यासाठी सुतक मोडू नको, देवीचा कोप व्हईल, माजा माल सडंल. भायेर बस. मीच बसवला त्याला भायेर."

त्या क्षणी पुस्तक मिटून सांगायचं होतं. जानकी, यात तसं काही लिहिलेलं नाही. तू काही चुकली नाहीस. नाव मी लिहिलं होतं आणि मीच खोडलं. घंटेला अजून पाचसात मिनिटं होती, वेळ भरपूर होता. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

चौथ्या दिवशी तिनं वलांड्यांच्या दोऱ्या स्वतः सोडल्या. बाकीच्या बायका आरडाओरडा करत होत्या, तर हीच त्यांना सांगत होती, "पुस्तकात हाय, मास्तरांनी वाचून दाखवला." तिच्या शब्दामुळे त्या गप्प झाल्या. खाडीकडे नेलेल्या मालात पुढच्याच पौर्णिमेला उधाणाचं पाणी शिरलं, राहिलेल्यात अळ्या पडल्या. माघात ती त्याच उंचवट्यावर खडीच्या पाट्या वाहायला लागली, ठेकेदाराकडे. धाकटी पोर रेतीच्या ढिगावर बसलेली असायची. शाळेतून मी त्या वाटेनं जायचो, दुसरी वाट होती ती लांबची होती.

पुढे दोन वर्षं मी त्या गावात होतो. जानकीनं मला कधी दोष दिला नाही. पाटी डोक्यावर असली तरी वाटेत थांबायची आणि दर वेळी तेच म्हणायची, "मास्तर, मना वाचता आला असता ना, तर मी त्याला आत बसवला असता."

आणि मी मान हलवून 'हो' म्हणायचो.